घरी चालणारा प्रोग्राम लॅबमध्ये "अनडिफाइन्ड रेफरन्स" देतोय, जीएसएल नीट कसं जोडायचं?

शाई_चाट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नांदेडला एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट तबल्याच्या पुडीच्या कंपनांवर आहे. पुडीवर शाई नसती, चामडं सगळीकडे सारख्या जाडीचं असतं, तर तिच्या कंपनसंख्या बेसेल फंक्शनच्या शून्यांवरून काढता येतात आणि त्यांची गुणोत्तरं वेडीवाकडी येतात. शाईमुळे ती १, २, ३, ४, ५ अशी सुरेल होतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आणि मग १९३४ साली सविस्तर दाखवलं. मला आधी बिनशाईच्या पुडीचे आकडे हवे आहेत, म्हणून सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला आणि बेसेलची शून्यं काढायला जीएसएल, म्हणजे ग्नूची सायंटिफिक लायब्ररी वापरली.

घरच्या लॅपटॉपवर फेडोरा आहे. तिथे जीसीसी कंपायलरची ही आज्ञा व्यवस्थित चालते:

जीसीसी -एलजीएसएल -एलजीएसएलसीब्लास -एलएम तबला.सी -ओ तबला

लॅबच्या मशीनवर उबुंटू २२.०४ आहे. तिथे आधी हेडर फाइलच सापडेना. मला सुडोचा, म्हणजे ॲडमिन म्हणून सॉफ्टवेअर बसवायचा, अधिकार नाही, म्हणून जीएसएल २.८ चा सोर्स आणून स्वतःच्या होममध्ये, जीएसएल नावाच्या फोल्डरमध्ये बसवला. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, तिन्ही बिनबोभाट पार पडले. मग वरच्याच आज्ञेत जीसीसीच्या लगेच पुढे मोठा आय आणि मोठा एल वापरून माझ्या इन्क्लूड आणि लिब फोल्डरचे पत्ते घातले. हेडरची तक्रार गेली आणि हे आलं:

इन फंक्शन मेन: अनडिफाइन्ड रेफरन्स टू जीएसएल_एसएफ_बेसेल_झीरो_जेएनयू
कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस

एका सीनियरने .बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना बॅश जी फाइल वाचतो तिच्यात) टाकायला एक ओळ दिली. तिच्यात एलडी_लायब्ररी_पाथमध्ये माझं जीएसएलचं लिब फोल्डर आणि मिनिकोंडाचं (पायथनच्या पॅकेज मॅनेजरचं) लिब फोल्डर, दोन्ही आहेत. एरर जशीच्या तशी आहे. उलट आता बॅशची कुठलीही स्क्रिप्ट चालवली की "लिबटिन्फो.एसओ.६: नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल, रिक्वायर्ड बाय बॅश" असं काहीतरी येतं. सोमवारी प्रेझेंटेशन आहे. कृपया मदत करा.

---

उबुंटूकर

भाऊ, सुडो एपीटी इन्स्टॉल लिबजीएसएल-डेव्ह. विषय संपला.

---

शाई_चाट

सुडो नाही, वर लिहिलंय. लॅबचं काम बघणारे सर सुट्टीवर आहेत.

---

क्लस्टर_सांभाळणारी

सगळ्यात आधी .बॅशआरसीमधली ती ओळ काढून टाक आणि नवीन टर्मिनल उघड. का ते पुढे सांगते, पण ती ओळ तिथे असेपर्यंत बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

मी एका संशोधन संस्थेतला क्लस्टर सांभाळते आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत माझ्याकडे सतत येतो. बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडलेलं असतं. एरर आली की ती कोण देतंय हे न बघता सापडेल तो फ्लॅग चिकटवत सुटायचं. तुझ्या एका गोष्टीत दोन वेगळे जण बोलून गेलेत आणि तिसरा अजून बोलायचा आहे, म्हणून आधी त्यांना वेगळं करू.

"अमुक हेडर, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" ही तक्रार प्रीप्रोसेसरची. त्याला लायब्ररीशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त .एच फाइल हवी असते आणि तिचा पत्ता मोठ्या आयने द्यायचा. तू तो दिलास, ती गप्प बसली. तो प्रश्न मिटला, तिकडे परत जायचं नाही.

हेडरमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं असतं की या नावाचं फंक्शन कुठेतरी आहे, ते अमुक घेतं आणि तमुक देतं. कंपायलर तेवढ्यावर समाधानी असतो. तो तुझ्या तबला.सीची ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि तिच्यात बेसेलच्या जागी नुसतं नाव सोडून देतो. ते नाव खऱ्या कोडशी जोडायचं काम लिंकरचं. "अनडिफाइन्ड रेफरन्स" ही ओरड लिंकरची, म्हणून तर खाली "एलडी रिटर्न्ड १" असं येतं. आता नीट बघ: तो "कॅनॉट फाइंड -एलजीएसएल" म्हणाला नाही. म्हणजे तू मोठ्या एलने दिलेला पत्ता बरोबर आहे, लायब्ररी त्याला मिळाली, त्याने उघडूनही पाहिली. तरी नाव जोडलं गेलं नाही. मग कारण उरतं क्रमाचं.

लिंकर तुझी आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि वाचताना अजून न सापडलेल्या नावांची यादी जवळ ठेवतो. तुझ्या आज्ञेत -एलजीएसएल आधी येतं. त्या क्षणी यादी रिकामी असते, कुणालाच जीएसएलकडून काही नको असतं. उबुंटूवर जीसीसी लिंकरला आपणहून --ॲज-नीडेड हा पर्याय देतो, ११.१० पासून हीच पद्धत आहे. त्याचा अर्थ, आत्तापर्यंत कुणाला गरज पडली नसेल तर ही लायब्ररी जोडू नकोस. म्हणून ती बाजूला पडते. मग येतो तबला.सी, बेसेलचं नाव यादीत चढतं, आणि पुढे ते पुरवणारं कुणी उरलेलंच नसतं. फेडोराचा जीसीसी हा पर्याय आपणहून देत नाही. तिथे शेअर्ड लायब्ररी, म्हणजे .एसओ फाइल, गरज असो नसो जोडली जाते, म्हणून घरी उलटा क्रम खपून गेला. घरी चालत होतं, पण आज्ञा तिथेही चुकीचीच होती. फेडोरावर हीच लायब्ररी .ए फाइलच्या रूपात, म्हणजे स्टॅटिक जोडायला गेला असतास तर तिथेही अडलं असतं, कारण .ए फाइलमधून लिंकर त्या वेळी यादीत असलेल्या नावांपुरतेच तुकडे उचलतो.

तेव्हा ज्याला गरज आहे तो आधी, गरज भागवणारा नंतर. जीएसएलला स्वतःला सीब्लास (व्हेक्टर-मॅट्रिक्सच्या आकडेमोडीची लायब्ररी) लागतं आणि गणिताची लिबएम लागते, म्हणून त्या जीएसएलच्याही मागे:

जीसीसी -आय$होम/जीएसएल/इन्क्लूड तबला.सी -ओ तबला -एल$होम/जीएसएल/लिब -एलजीएसएल -एलजीएसएलसीब्लास -एलएम

(पत्त्याआधीचा एल मोठा, लायब्ररीच्या नावाआधीचे तिन्ही एल छोटे. टाइप करताना लक्ष दे, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये छोटा एल आणि मोठा आय ओळखू येत नाहीत.)

सीब्लास वेगळं का, असं वाटेल. जीएसएलवाल्यांनी ते मुद्दाम वेगळं ठेवलंय. मॅट्रिक्सचं जड काम असेल तर जीएसएलसीब्लासच्या जागी ओपनब्लाससारखी वेगवान लायब्ररी जोडता येते. तुझ्या चार-पाच शून्यांसाठी त्याची गरज नाही.

आणि शंका आली की अंदाज बांधू नकोस, लायब्ररीलाच विचार:

एनएम -डी $होम/जीएसएल/लिब/लिबजीएसएल.एसओ | ग्रेप बेसेल_झीरो

(डी मोठा.) नावाआधी टी दिसला तर फंक्शनचं कोड या लायब्ररीत आहे. यू दिसला तर लायब्ररी स्वतःच ते दुसऱ्याकडून मागते आहे. याच आज्ञेत बेसेलऐवजी सीब्लास शोधलंस तर यू दिसतील, आणि -एलजीएसएलसीब्लास का लिहायचं ते डोळ्यांनी कळेल.

---

शाई_चाट

ताई, ओळ काढली, लिबटिन्फोचं भूत गेलं. क्रम बदलला आणि कंपाइल झालं! एनएमने टी दाखवला, सीब्लासचे यू पण पाहिले. पण चालवल्यावर आता हे:

./तबला: एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबजीएसएल.एसओ.२८: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल

फाइल तर तिथेच आहे. आत्ता दोन मिनिटांपूर्वी लिंकरला सापडली, मग आता का सापडत नाही? शिवाय माझा रूममेट म्हणतो -एलएम लागतच नाही, त्याने त्याच्याशिवाय वर्गमूळ काढून दाखवलं.

---

क्लस्टर_सांभाळणारी

हा तो तिसरा बोलणारा, लोडर. प्रोग्राम सुरू होताना शेअर्ड लायब्ररी शोधून मेमरीत आणायचं काम त्याचं. तू मोठ्या एलने दिलेला पत्ता फक्त लिंकरसाठी होता, प्रोग्रामच्या फाइलमध्ये तो उतरत नाही. उतरतं फक्त नाव: लिबजीएसएल.एसओ.२८. रीडएल्फ -डी तबला (इथे डी छोटा) असं चालव, "नीडेड" लिहिलेल्या ओळींत हे नाव दिसेल, पत्ता नसेल. एलडीडी ./तबला दिलंस तर त्याच नावापुढे "नॉट फाउंड" येईल.

त्या २८ कडे जरा बघ. तुझ्या लिब फोल्डरमध्ये एलएस -एल केलंस तर एकाच लायब्ररीची तीन नावं दिसतील. आकडा नसलेलं लिबजीएसएल.एसओ हे लिंकरसाठी, नुसतं २८ असलेलं लोडरसाठी, आणि त्याहून लांब आकड्यांचं नाव ही खरी फाइल. पहिली दोन तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक. लायब्ररीत जुने प्रोग्राम मोडतील असा बदल झाला की हा आकडा बदलतो. उबुंटू २२.०४ ची स्वतःची जीएसएल २७ वर आहे. लॅबच्या मशीनवर ती बहुधा असेलही, कारण दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरला ती लागते, पण २८ मागणाऱ्या प्रोग्रामला लोडर २७ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. वर उबुंटूकरांनी सांगितलेल्या -डेव्ह पॅकेजमध्ये हेडर आणि ती बिनआकड्याची सिमलिंक असते. ज्याला फक्त प्रोग्राम चालवायचे आहेत त्याला दोन्हींची गरज नसते, म्हणून डेबियन-उबुंटूवर ती वेगळी ठेवतात. "लायब्ररी इन्स्टॉल आहे तरी हेडर सापडत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आता तुझा उपाय. पत्ता प्रोग्राममध्येच कोरून टाक. त्याला आरपाथ म्हणतात. आज्ञेत मोठ्या एलच्या पत्त्यानंतर हे जोड:

-डब्ल्यूएल,-आरपाथ,$होम/जीएसएल/लिब

(डब्ल्यू मोठा, एल छोटा, स्वल्पविरामांच्या आजूबाजूला मोकळी जागा नको.) डब्ल्यूएलचा अर्थ पुढचं सगळं जीसीसीने स्वतः न वापरता लिंकरकडे सोपवायचं. पुन्हा कंपाइल कर आणि रीडएल्फ परत चालव. आता "रनपाथ" अशी एक ओळ वाढलेली असेल आणि तिच्यात तुझं फोल्डर असेल. यापुढे हा प्रोग्राम कुठल्याही टर्मिनलमधून, कुठलीही ओळ कुठेही न टाकता चालेल, आणि मशीनवरच्या दुसऱ्या एकाही प्रोग्रामवर त्याचा परिणाम होणार नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. एलडी_लायब्ररी_पाथ .बॅशआरसीमध्ये ठेवला की तो फक्त तुझ्या तबल्याला लागू होत नाही, त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतो. बॅशला स्वतःला लिबटिन्फो.एसओ.६ लागते. लोडरने एरवी ती सिस्टिमच्या फोल्डरमधून घेतली असती. त्या ओळीमुळे तो आधी मिनिकोंडात डोकावला, तिथे त्याच नावाची दुसरी प्रत मिळाली, वेगळ्या तऱ्हेने बांधलेली, व्हर्जनची माहिती नसलेली. तुझ्याकडे नुसत्या इशाऱ्यावर भागलं. लिबसी++ किंवा ओपनएसएसएलच्या बाबतीत हेच झालं की प्रोग्राम सुरूच होत नाहीत, आणि सहा महिन्यांनी ती ओळ कुणी आणि का टाकली हे कुणाला आठवत नाही. सीनियरकडून ज्युनियरकडे, बॅचमागून बॅच ही ओळ जात राहते. मुलं हुशार असतात, विषय येत असतो, आणि आठवडे असल्या भुताटकीत जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कधी एका वेळेपुरता हवाच असेल तर आज्ञेच्याच आधी, त्याच ओळीत लिही: एलडी_लायब्ररी_पाथ=$होम/जीएसएल/लिब ./तबला. तेवढ्या एका खेपेपुरता तो लागू होतो.

आणखी एक घोळ: लायब्ररी_पाथ असं, एलडी नसलेलंही एक नाव आहे. ते जीसीसी वाचतो आणि लिंक करताना त्या फोल्डरांत शोधतो. एलडी_लायब्ररी_पाथ लोडर वाचतो, प्रोग्राम चालताना. सीनियरची ओळ लिंकरच्या एररवर लोडरचं औषध होतं, म्हणून काही फरक पडला नाही.

रूममेटने बहुधा वर्गमूळात थेट २.० सारखा आकडा लिहिला असेल. उत्तर आधीच ठरलेलं असल्यामुळे जीसीसी ते कंपाइल करतानाच काढून टाकतो, लायब्ररीपर्यंत गोष्ट जातच नाही. त्याला सांग, आकडा स्कॅनएफने वाचून घे आणि मग बघ. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी, तिच्या २.३४ मध्ये, २०२१ साली, पीथ्रेड आणि डीएल मूळ लिबसीत मिसळून टाकले, त्यामुळे नव्या सिस्टिमवर -एलपीथ्रेड राहिलं तरी चालतं. लिबएम मात्र अजून वेगळी आहे.

---

डोंबिवली_ते_डब्लिन

मॅकवाल्यांसाठी जोड देतो, आमच्याकडे हाच प्रश्न नेहमी येतो. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपवर होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन, आज्ञा ब्रू) सगळं /ऑप्ट/होमब्रूमध्ये टाकतं, इंटेलवर /यूएसआर/लोकलमध्ये टाकायचं. /ऑप्ट/होमब्रूमध्ये मॅकचा कंपायलर क्लँग आपणहून शोधत नाही, त्यामुळे ब्रूने इन्स्टॉल झालं तरी मोठा आय आणि मोठा एल द्यावे लागतात. जुन्या मॅकवरून सगळा डेटा नव्यावर आणला असेल तर /यूएसआर/लोकलमध्ये इंटेलच्या लायब्ररी पडून राहतात आणि लिंकर आर्किटेक्चर जुळत नाही म्हणून कुरकुरतो.

पत्ते हाताने लिहिण्यापेक्षा पीकेजी-कॉन्फिग वापरा असं मी सुचवेन, ते लायब्ररीसाठी लागणारे फ्लॅग छापून देतं.

---

क्लस्टर_सांभाळणारी

पीकेजी-कॉन्फिगची सूचना पटली. शाई_चाट, तू बांधलेल्या जीएसएलबरोबर लिब/पीकेजीकॉन्फिग फोल्डरमध्ये जीएसएल.पीसी नावाची फाइल आलेली आहे. पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये ते फोल्डर दे आणि पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्स जीएसएल असं चालव. मी वर हाताने लिहिलेला आय, मोठा एल आणि तिन्ही लायब्ररी योग्य क्रमाने छापून येतील. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव. ते सगळं आज्ञेत तबला.सीच्या नंतर घालायचं. आणि आरपाथ त्यात येत नाही, तो तुलाच लिहावा लागेल.

एक मेकफाइल करून तिच्यात हे लिहून ठेव. सोमवारनंतर सरांनी -डेव्ह पॅकेज बसवलं तर बदल एकाच जागी करायचा.

---

शाई_चाट

चाललं! आकडे: २.४०४८, ३.८३१७, ५.१३५६, ५.५२०१. पहिल्याने भागून १, १.५९३, २.१३६, २.२९५. पुस्तकाशी जुळतात. .बॅशआरसीत आता काहीही नाही. सीनियरलाही हा धागा पाठवला, त्याच्याकडेही ती लिबटिन्फोची कटकट होती, त्याला वाटत होतं मशीनच खराब आहे.

शेवटचा प्रश्न, लगेच गरज नाही. शाईचा भाग मित्र सी++ मध्ये लिहितोय आणि माझ्या सी फाइलमधलं फंक्शन वापरतोय. क्रम बरोबर ठेवला, एनएममध्ये नावापुढे टीही दिसतो, तरी "अनडिफाइन्ड रेफरन्स टू पुडी_कंपन(इंट, डबल)".

---

क्लस्टर_सांभाळणारी

आकडे बघून फार बरं वाटलं.

मित्राच्या एररमध्ये नावापुढे कंस आहे आणि कंसात इंट, डबल लिहिलेलं आहे. तुझ्या बेसेलच्या एररमध्ये नुसतं नाव होतं. सगळं त्या कंसात आहे. सी++ मध्ये एकाच नावाची, वेगवेगळे घटक घेणारी अनेक फंक्शनं असू शकतात, म्हणून त्याचा कंपायलर घटकांचे प्रकार नावातच गुंफून एक लांबलचक नाव तयार करतो. लिंकर ते आपल्याला वाचता यावं म्हणून सुटं करून कंसासकट दाखवतो. सी तसं काही करत नाही, तुझ्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये साधं पुडी_कंपन आहे. म्हणजे मित्राचा प्रोग्राम जे नाव मागतोय ते तुझ्या फाइलमध्ये नाहीच.

तुझ्या हेडरमध्ये त्या फंक्शनच्या घोषणेभोवती एक्स्टर्न "सी" असा कंसगट घाल, म्हणजे सी++ चा कंपायलर ते नाव गुंफणार नाही. सीच्या कंपायलरला मात्र एक्स्टर्न "सी" कळत नाही, म्हणून तेवढ्या ओळी इफडेफ __सीप्लसप्लस आणि एंडिफ यांच्यामध्ये ठेव. जीएसएलने त्यांच्या हेडरांमध्ये हेच केलंय. जीएसएल_एसएफ_बेसेल.एच उघडून वरच्या काही ओळी वाच, बिगिन_डेक्ल्स नावाने सापडेल, तसंच्या तसं उचललंस तरी चालेल. आणि शेवटचं लिंकिंग जी++ ने करा, जीसीसीने केलंत तर सी++ ची स्वतःची लायब्ररी जोडली जात नाही आणि अनडिफाइन्ड रेफरन्सची नवी रांग लागेल.